अर्धी गादी

गादी अर्धीच दुरुस्त करून पाहिजे, असं सांगणारं गिऱ्हाईक गादीवाल्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. वाटण्या झालेले दोन भाऊ एकदा बापाची गादी मधोमध कापून मागायला आले होते, पण ते भांडणाच्या भरात होते आणि चहा पाजल्यावर निघून गेले होते. समोरची बाई मात्र पूर्ण शुद्धीवर होती. तिने कमरेवर हात ठेवला होता. तो तोऱ्याने ठेवला नव्हता, काढला असता तर ती वाकली असती.

"भिंतीकडची बाजू माझी. ती पिंजून नवी करा," ती म्हणाली. "खिडकीकडची नवऱ्याची. तिला बोटसुद्धा लावायचं नाही."

गादीवाल्याने धंद्याच्या सवयीने विचारलं, की मालकांना आपली बाजू तशीच आवडते का. त्यावर तिने शांतपणे सांगितलं, की मालकांना जाऊन वर्ष उलटलं, आता त्यांच्या आवडीनिवडी फारशा उरलेल्या नाहीत. गादीवाल्याने कापसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि आपली जीभ तिथेच कुठेतरी पुरता आली तर बरं, असं त्याला वाटलं.

ही बाई गावात गाडी शिकवायची. सगळं गाव तिला ब्रेकबाई म्हणायचं. तिच्या शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता हे नावाचं एक कारण. दुसरं म्हणजे, कोणी फार लांबण लावली की ती त्याचं बोलणंही तिथल्या तिथे थांबवायची. गावातले निम्मे लोक तिच्या हाताखाली शिकले होते. उरलेले निम्मे त्यांच्यामुळे पायी चालत होते.

नवरा गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा. माणूस भोंग्याच्या मापाचा होता. भारदस्त, गोल, फुंकर मारली तर पडदे हलतील असा. एका सकाळी अर्ध्या गालाची दाढी झाली होती, अर्ध्यावर साबण होता, आणि तो आरशासमोरच खाली बसला. पुन्हा उठला नाही. उरलेली दाढी करायची का, असं नंतर लोकांनी विचारलं तेव्हा ब्रेकबाई म्हणाली, राहू दे, त्याने आयुष्यात कुठलं काम पूर्ण केलंय. लोकांना ते फार लागलं. तिला ते बोलल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता त्याचं काय उरलं होतं? भोंगा बँडवाल्यांचा होता, तो ते घेऊन गेले. कपडे नणंदेने वाटून टाकले. उरला गादीतला खळगा. खिडकीकडच्या बाजूला तो जिथे वर्षानुवर्षे झोपला, तिथे कापूस दबून एक जागा तयार झाली होती. ब्रेकबाई ती जागा डोळ्यांत तेल घालून जपायची. त्या बाजूला कोणी बसायचं नाही. घड्या घातलेले कपडे ठेवायचे नाहीत. शेजारणीचं मांजर एकदा तिथे वेटोळं करून बसलं, त्यानंतर ते मांजर या घराच्या वाटेलाच गेलं नाही. रोज दिवा मालवताना ती त्या खळग्यावरून हात फिरवायची आणि दिवसभरात कोणी गाडी कुठे ठोकली ते त्याला सांगायची.

एकच भीती होती. खळगा उथळ वाटायचा. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढासा खळगा? म्हणजे तो भरत चालला होता. कापूस फुगत असणार, हवा लागत असणार, आणि एक दिवस ती बाजू सपाट होणार, नवरा झोपलाच नव्हता अशी. म्हणून तिने चादर बदलतानाही श्वास रोखायला सुरुवात केली होती.

दुसरीकडे तिच्या स्वतःच्या बाजूने तिचा जीव नकोसा केला होता. तिथे कापसाचा नुसता खड्डा झाला होता. सकाळी उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग देवाचं नाही तर गादीवाल्याचं नाव घ्यायचं. दिवसभर गाडीत बसून शिकाऊ माणसांचे हिसके खायचे, वर ही पाठ. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, गादी तरी बदला नाहीतर धंदा तरी. धंदा गेला तर दिवसभर घरात बसून ती भिंतींना गिअर टाकायला शिकवणार होती. गादी गेली तर खळगा जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गादीवाला म्हणाला, आधी गादी पाहावी लागेल. तो घरी आला. पन्नाशीचा, उंच, केसांत कायम कापूस, त्यामुळे केस किती पिकलेत याचा अंदाज लागू न देणारा माणूस. ही गादी त्यानेच भरली होती, ब्रेकबाईच्या लग्नात. त्याने चादरीचा कोपरा उचलला, आत पाहिलं. मग भिंतीकडच्या बाजूवर तळहात दाबला. खिडकीकडे तो गेला तेव्हा ब्रेकबाई गुरकावली, म्हणून नुसतं वाकून पाहिलं. नंतर पुन्हा उशाशी आला, चादर उचलली आणि तिथे शिवलेल्या आपल्या दुकानाच्या कापडी पट्टीकडे बराच वेळ बघत बसला.

काय झालं, असं तिने विचारलं. काही नाही, तो म्हणाला. मधोमध एक शिवण घालून बाजू वेगळ्या करता येतील का, ते बघतो. आणि तो इतक्या घाईने गेला की मोजपट्टी पलंगावरच राहिली.

त्यानंतर गादीवाला 'बघत' राहिला. एरवी हा माणूस सांगितल्या दिवशी गादी देणारा, त्याबद्दल त्याची ख्याती होती. आता आज कापूस ओला आहे, उद्या सुई मोडली आहे, परवा यंत्र बिघडलं आहे. वर एके दिवशी स्वतःच येऊन म्हणाला, मला गाडी शिकायची आहे. गाद्या हातगाडीवरून पोचवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यात त्याला आता शिकायची हौस आली होती. ब्रेकबाईने त्याला गाडीत बसवलं.

त्याच्याइतका वाईट विद्यार्थी तिला मिळाला नव्हता. सुकाणू तो असं धरायचा, जसं कोणी ते चोरून नेणार आहे. समोरून सायकल आली तरी गाडी थांबवून तिला जाऊ द्यायचा. कोपऱ्यावर वळताना डोळे मिटायचा. ती ओरडायची, मग तो म्हणायचा, मॅडम, मी पन्नास वर्षं मऊ गोष्टींत काढली आहेत, लोखंडाची सवय नाही. यावर एकदा तिला हसू फुटलं. आपण हसलो हे कळल्यावर तिने रागाने ब्रेक दाबला. गाडी तेव्हा उभीच होती.

गावाला हे सगळं दिसत होतंच. वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे ठरून गेलं की गादीवाल्याला गाडी येणार नाही, बाकी सगळं येणार आहे. ब्रेकबाईच्या कानावर ते आलं तेव्हा तिने दोन चार जणांची तोंडं बंद केली. पण त्याच्या शिकवणीच्या दिवशी ती केस जरा नीट विंचरते आहे, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं होतं आणि तिला त्याचा राग होता. राग आला की ती त्या रात्री खळग्याशी जास्त वेळ बोलायची.

गाडीत ती नवऱ्याबद्दल बोलू लागली. तो कसा एकच धून वाजवायचा आणि तीच दहा नावांनी सांगायचा. जेवताना कसा घाम पुसायचा. भांडण झालं की कसा पाठ करून झोपायचा आणि झोपेत मात्र पाय तिच्या पायावर टाकायचा. गादीवाला ऐकायचा. मध्येच तोंड उघडायचा, मिटायचा. काय ते बोला, ती म्हणायची, आणि तो 'पुढे रस्ता बघा' म्हणून स्वतःलाच बजावायचा.

शेवटी तिच्या पाठीनेच निकाल लावला. एका सकाळी तिला मोजे घालता येईनात. उघड्या पायांत बूट घालून ती शिकवणीला आली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच तिने सांगून टाकलं, की आता पुरे. आज गादी नेणार असाल तर न्या. नाहीतर शेजारच्या गावात दुसरा गादीवाला आहे, तो उद्याच टेम्पो पाठवतो म्हणाला आहे.

गादीवाल्याने गाडी चौकापर्यंत आणली. दुसरा माणूस गादी नेणार म्हणजे उभी फाडणार, सगळा कापूस एकत्र यंत्रात टाकणार, आणि या बाईला काय गेलं तेसुद्धा कळणार नाही. हे त्याला दिसत होतं. चौकाच्या मधोमध त्याने गाडी बंद पाडली. या वेळी मुद्दाम.

"मॅडम, ती तुमची बाजू आहे."

"कुठली?"

"खिडकीकडची. जिथे तुम्ही कोणाला बसू देत नाही ती." त्याने सुकाणूवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "दुकानाची पट्टी मी नेहमी पायाशी शिवतो. तुमच्याकडे ती उशाशी आहे. गादी कोणीतरी उशाकडची पायाशी अशी फिरवून घातली. खिडकीकडे आहे तो खळगा तुमचा. आणि तुम्ही झोपता, तो त्यांचा."

मागे गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. ब्रेकबाईने दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता, बंद गाडीत. मग ती म्हणाली, उतरा. तो उतरला. ती पलीकडच्या जागेवर सरकली आणि गाडी घेऊन गेली. गादीवाला चौकात उभा राहिला, आणि सगळ्या गावाने त्याला तिथे उभं पाहिलं.

ती थेट नणंदेकडे गेली. नवरा गेल्यानंतर पहिले काही दिवस ती नणंदेच्या घरी राहिली होती, आणि इकडचं घर आवरायला नणंद एकटी यायची. नणंद म्हणजे स्वच्छतेची मूर्ती. पाहुणा अजून बसलेला असताना त्याच्या खुर्चीखालून झाडून घेणारी. वन्सं, गादी तुम्ही फिरवली का, असं विचारताच ती ताठ झाली. फिरवलीच. मग? गादी आलटून पालटून घालायचीच असते, नाहीतर तिची अवस्था काय होते. आई हेच शिकवून गेली.

मग ती ताठ राहीना. हातातलं फडकं तिने टेबलावर ठेवलं आणि खुर्ची शोधून बसली.

"खोटं कशाला बोलू, वहिनी. मी गादीवर त्याच्या बाजूवर पालथी पडले होते. खूप रडले. गादी ओली झाली, मग तुम्हाला काय सांगू म्हणून उन्हात टाकली. परत घालताना डोकं ठिकाणावर नव्हतं."

ब्रेकबाई तिच्यावर तोंड टाकायला आली होती. वाटेत शब्दही जुळवले होते, चांगले धारदार. ते आता वाया गेले. मग नणंदेने चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरली, आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

भर दुपारी ब्रेकबाई घरी आली. खिडकीकडे उभी राहिली. म्हणजे वर्षभर ती स्वतःच्याच खळग्यावरून हात फिरवत होती. स्वतःलाच शुभ रात्री म्हणत होती. मांजराला हाकललं तेही स्वतःच्या जागेवरून. तो भरत चालला नव्हता, तो होताच तेवढा, एका मध्यम बांध्याच्या बाईचा. एवढी मूर्ख बाई गावात दुसरी नसेल, आणि या गावात स्पर्धा काही कमी नव्हती.

मग ती भिंतीकडे गेली आणि आडवी झाली. रोजच्यासारखी खाली घसरली. कंबर रुतली, खांदे वर राहिले, पाठीत कळ आली. ती कळ आता वेगळी होती. जिथे जिथे दुखत होतं तिथे तिथे तो होता. इथे त्याचं पोट, इथे ते अवाढव्य खांदे, इथे तो पाय. वर्षभर ती त्याच्यातच झोपत होती आणि रोज सकाळी त्याला शिव्या घालत उठत होती. हेही अगदी संसारासारखंच.

"मेल्या," ती म्हणाली. हा शब्द ती त्याला जन्मभर म्हणत आली होती. आता तो खरा झाला होता, तरी तिने तोच वापरला. "पाठ मोडलीस माझी." आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ती तिथून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला बोलावलं, दोघींनी मिळून गादी गाडीच्या टपावर चढवली आणि दोरीने बांधली. 'शिकाऊ' असा फलक लावलेली गाडी डोक्यावर गादी घेऊन बाजारातून गेली. लोक बाहेर येऊन बघत होते. गादीवाल्याच्या दुकानासमोर तिने गाडी लावली.

गादीवाल्याने तोंड उघडलं. बहुधा माफी मागणार होता. ब्रेकबाईने त्याला तिथेच थांबवलं आणि म्हणाली, सगळी पिंजा. दोन्ही बाजू.

त्याने शिवण उसवली. कुठून सुरू करू, असं विचारलं. तिने मोठा खळगा दाखवला. दाबून दाबून दगड झालेले कापसाचे गोळे तो यंत्रात टाकू लागला, आणि दुसरीकडून ते फुलून बाहेर येऊ लागले. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघत राहिली. दोन्ही बाजूंचा कापूस एकाच ढिगात पडत होता. कुठला त्याचा, कुठला तिचा, ते सांगता येईना. दुकान पांढरं झालं, तिचे केस पांढरे झाले, नणंदेला शिंका आल्या आणि ती हे सगळं झाडून कोण काढणार, अशा नजरेने बघत दाराशी गेली.

यंत्र थांबल्यावर तो म्हणाला, की तुमच्या मालकांचा कापूस तेवढाच आहे, चिमूटभरही टाकला नाही. फक्त आता तो सगळ्या गादीत आहे. हे त्याने धंद्याची खात्री द्यावी तशा आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज त्याला येत नव्हता. तिने मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. संध्याकाळी गादी घरी आली, पलंगावर पडली, आणि ती बाजूबिजू न बघता तिच्यावर आडवी झाली.

सकाळी ती उठली, बाथरूमपर्यंत गेली, वाकून तोंड धुतलं, खुर्चीत बसून मोजे घातले. दुसरा मोजा घालताना तिचा हात थांबला. काहीच दुखत नव्हतं. कुठेच नाही. तिने थोडं वाकून बघितलं, डावीकडे वळून बघितलं. पाठीत कोणी नव्हतं.

दुकान नुकतंच उघडलं होतं. गादीवाला उशीची खोळ उलटी करत होता. ती आत आली आणि एका नव्या गादीच्या कडेवर बसली. तिचा चेहरा पाहून त्याने विचारलं, की टाका कुठे टोचतो का.

"दुखत नाही," ती म्हणाली. तक्रार करावी तशी म्हणाली. "अजिबात दुखत नाही हो."

आणि मग ती रडली. वर्षभराचं राहिलेलं, आवाज करून, नाक वाहेपर्यंत. "तो गेला," ती म्हणत होती. "मला आज सकाळी कळलं. तो गेला." गादीवाल्याने पुसायला म्हणून हाताला येईल तो कापूस दिला. ओल्या तोंडाला कापूस चिकटतो हे त्याला माहीत असायला हवं होतं, पण त्या वेळी सुचलं नाही. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने खुणेने उद्या यायला सांगितलं. मग तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसला.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. गालावरचा कापूस वेचत तिने विचारलं, की आता ही गादी अशीच राहील का. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने खरंच उत्तर दिलं, की नाही, पुन्हा खळगा पडणार, माणूस झोपला की पडतोच. आणि एकटं माणूस एकाच बाजूला झोपलं तर गादी तिकडे कलते. दोन्हीकडे वजन असलं तर ती जास्त टिकते.

"किती वजन?" तिने विचारलं.

गादीवाल्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "साधारण माझ्याएवढं चालेल."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गिअर चुकवला आणि गाडी करकरली. ब्रेकबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती, एखाद्या शिकाऊ माणसाला गाडीत घ्यायचं की उतरवायचं हे ठरवताना बघायची तशी.

"घोरता का?"

"माहीत नाही," गादीवाला म्हणाला. "सांगायला कोणी नव्हतं."